धुराची वही

विसपुते सर भेटले की 'कसे आहात' असं कधी विचारायचे नाहीत. 'आज काय जाळलं?' असं विचारायचे.

सकाळी माणूस दुधाची बरणी घेऊन घराकडे निघालेला असायचा. सर सायकलवरून उतरायचे, नाक किंचित वर करायचे आणि म्हणायचे, "काय, आज काय जाळलं?" नवखा माणूस दचकायचा. ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असेल, तो तर चरकायचाच. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणायचो, कपाळाला हात लावायच्या. "अहो, निदान शुभ तरी बोला. चूल पेटवली का म्हणा." सरांचं उत्तर ठरलेलं असे. "चूल कुठली पेटते? चूल मातीची. मी झाडाचं विचारतो."

मी त्यांच्या शाळेत कारकून होतो. बऱ्हाणपुरातली मराठी शाळा. सर रसायन शिकवायचे. अंगानं काटकुळे, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत काळपट, आणि खिशात रुमालात गुंडाळलेल्या काचेच्या दोन पट्ट्या कायम. त्या पट्ट्यांमुळे त्यांचा कोट एका बाजूला लोंबायचा. बसताना ते आधी खिसा सांभाळायचे, मग स्वतः बसायचे.

ते सोनाराचे. वडिलांचं दुकान जुन्या पेठेत होतं. भट्टीसाठी कोळसा आला की वडील मुलाला डोळे मिटायला लावत, एक निखारा पेटवत आणि विचारत, "कशाचा?" बाभळीचा, खैराचा, की कुणी फसवून भलताच मिसळलाय? चुकलं की तापलेला चिमटा मनगटाला टेकायचा. सरांच्या डाव्या मनगटावर चार बारीक डाग होते. "फक्त चारदा चुकलो," असं ते सांगत, आणि हे सांगताना त्यांना अभिमान वाटे. मला मात्र त्या डागांकडे बघवत नसे.

नागपूरला शिकायला गेले तेव्हा त्यांना कळलं की नाक जे ओळखतं ते कागदावरही उतरवता येतं. धुरावर ओली काच धरायची. तिच्यावर जो तपकिरी चिकटा बसतो तो खरवडून स्पिरिटमध्ये विरघळवायचा. त्याचा एक थेंब टिपकागदाच्या लांब पट्टीच्या टोकाशी ठेवायचा आणि ती पट्टी बरणीत उभी करायची. स्पिरिट वर चढत जातं तसा तो चिकटाही चढतो, आणि चढता चढता फुटतो. एक पट्टा खाली राहतो, एक मध्ये, एक पार वर. त्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी शिंपडलं की कुठे हिरवा रंग उमटतो, कुठे निळा, कुठे जांभळा. सागाचे पट्टे वेगळे, पळसाचे वेगळे, गवताचे तर अगदीच वेगळे. सर म्हणायचे, लाकडाला ताठ उभं ठेवणारं जे द्रव्य असतं ना, त्याची वीण प्रत्येक झाडात निराळी. आगीत ती वीण तुटते, पण तुकड्यांवरून कापड ओळखता येतं.

अशा पट्ट्या त्यांनी एका जाड वहीत चिकटवल्या होत्या. प्रत्येकीखाली झाडाचं नाव, कुठून आणलं, ओलं की वाळलेलं. अंजन, धावडा, सालई, कपाशीच्या काड्या, तुरीच्या काड्या, केळीचं वाळलेलं पान, शेणी. शाळेत तिला सगळे धुराची वही म्हणत. त्या वहीतलं एकही पान त्यांनी अंदाजानं भरलं नव्हतं.

एकदा निंबोल्याला एका विद्यार्थ्याच्या शेतात भरताचं जेवण होतं. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात बसून वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाण्याचा बेत असतोच. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर. पहिला घास घेऊन सर थांबले. "ह्यात तूर आहे," म्हणाले.

यजमान पाटील हसले. "सर, भरतात तूर कोन टाकते?"

"भरतात नाही. जाळात. पऱ्हाट्या कमी पडल्या म्हणून तुरीच्या काड्या घातल्यात. शेवटी शेवटी."

पाटलांचा चेहरा उतरला. एवढी कपाशी पिकवणाऱ्या घरात पऱ्हाट्या कमी पडल्या, हा त्यांना अपमान वाटला. वाद होणार इतक्यात चुलीपाशी बसलेली त्यांची सून पदर सावरत म्हणाली, "मामंजी, खरं हाय. तीन मुठी टाकल्या व्हत्या म्या." सगळे हसले, पाटीलही हसले. सरांनी मात्र मान डोलावली आणि ते पुन्हा जेवायला लागले. समोरच्याला काय वाटलं हे त्यांच्या गावीच नसे.

हाच गुण दुसऱ्या वेळी महागात पडला, आणि तोही दुसऱ्या कुणाला. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. सरांनी भट्टीकडे बघून नाक वर केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! अंजन. जुनं, राखीव जंगलातलं. असं लाकूड आता मिळत नाही." शेजारच्या बाकावर जंगल खात्याचा नाकेदार चहा पीत होता. तो उठला आणि भट्टीमागं गेला. टपरीवाल्याला त्याच दुपारी धरून नेलं. टपरी पुन्हा उघडली नाही.

मी हे माईंना सांगितलं तेव्हा सर शेजारीच होते. ते म्हणाले, "अंजनच होतं. मी खोटं बोललो का?"

माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "खरं बोलायच्या आधी बाकावर कोण बसलंय ते बघावं माणसानं."

पुढचे कितीतरी दिवस स्टेशनकडे जायचं झालं की सर लांबच्या रस्त्यानं जात.

मग छप्पन सालचा तो नोव्हेंबर आला. नवं मध्य प्रदेश राज्य झालं. नागपूर इतकी वर्षं आमची राजधानी. आमच्या फायली, बढत्या, भांडणं सगळी तिकडे. ते नागपूर एका दिवसात दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही तापीकाठचे मराठी लोक भोपाळच्या पदरात पडलो. कुणी कुठल्या राज्यात राहायचं हे कर्मचाऱ्यांना लिहून द्यायचं होतं. आमच्या हेडमास्तरांनी मुंबई राज्य लिहून दिलं आणि ते महिन्याभरात गेलेसुद्धा. सगळ्यांत जुने म्हणून विसपुते सरांकडे शाळेचा कारभार आला.

शाळेत कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. मराठी वर्ग राहणार की जाणार, हा एकच विषय होता. नव्या कार्यालयाचा इन्स्पेक्टर येऊन बघणार आणि मग ठरवणार, अशी बातमी होती. सर वर्गात कधी घाबरलेले दिसले नव्हते, पण हेडमास्तरांच्या खुर्चीत ते घाबरलेले दिसायचे. "सदूभाऊ," मला म्हणायचे, "शाळा नीटनेटकी दिसली पाहिजे. माझ्या हातून वर्ग गेले असं व्हायला नको."

शाळेच्या आवाराला कण्हेरीचं जुनं कुंपण होतं, पुरुषभर उंच, पिवळ्या आणि लाल फुलांचं. त्यातून मध्येच साप निघायचा. रस्त्यावरून शाळेची पाटी दिसायची नाही. सरांनी ते तोडायचं ठरवलं. कण्हेर विषारी असते हे काय त्यांना माहीत नव्हतं? त्यांनीच मला हुकूम सांगितला आणि मी तो कागदावर उतरवला. पानं, फुलं, शेंगा आवारातच खड्ड्यात पुराव्यात, गाई-बकऱ्यांच्या तोंडी जाऊ नयेत. काड्या आणि फांद्या उन्हात वाळवाव्यात आणि शाळेमागच्या गल्लीतल्या घरांना वाटून द्याव्यात.

त्या गल्लीत मागावर काम करणारी माणसं राहत. त्या वर्षी त्यांना सरपण मिळत नव्हतं. जंगल कुणाच्या ताब्यात, नाका कुणाचा, ह्या घोळात नाकेदार कडक झाले होते आणि मोळ्या विकणाऱ्या बायका गावात येईनाशा झाल्या होत्या. थंडी तर हाडात शिरत होती. सरांनी सही केली तेव्हा म्हणाले, "जाळण्यासारखं काहीतरी पोचेल बिचाऱ्यांना." आमचा शिपाई तुकाराम त्याच गल्लीत राहायचा. त्यानं डिसेंबरात घरोघर भारे पोचवले. लोकांनी सरांना दुवा दिला.

पुढच्याच आठवड्यात सर सकाळी कचेरीत आले ते हसत. इतक्या दिवसांनी हसत. "सदूभाऊ, गल्लीत नवा धूर आलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या वहीत नाही असा. गोडसर, पण मागून कडू. आज तीन दिवस येतोय." त्यांनी शाळेच्या मागच्या खिडकीत ओली काच टांगून तो धूर पकडला होता. टिपकागदाच्या पट्टीवर मधोमध एक पिवळट पट्टा उमटला होता, आणि त्याच्या वर एक फिकट हिरवी रेघ. "असं मी कधी पाहिलं नाही. कुणीतरी डोंगरातून नवीनच झाड आणलंय. इन्स्पेक्टरची भेट आटोपली की जाऊन विचारतो."

त्यांनी ती पट्टी वहीत चिकटवली आणि खाली नावाची जागा रिकामी ठेवली. रोज सकाळी मागच्या खिडकीशी उभे राहून ते दोन मिनिटं श्वास घ्यायचे. हुकूम माझ्या अक्षरात लिहिलेला होता, पण माझ्याही डोक्यात काही आलं नाही. कण्हेर कुणी जाळत नाही, म्हणून तिचा धूर कसा असतो हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याही वहीत ती नव्हती, ती ह्याच कारणानं.

इन्स्पेक्टर आला नाही. बातमी मात्र आली. तुकाराम सांगत आला की गल्लीत माणसं आजारी पडतायत. आधी डोळे चुरचुरणं, खोकला. मग ओकाऱ्या, चक्कर. दोन पोरं अंथरुणाला खिळली. मागावर काम करणाऱ्या रामदासची बायको यशोदा दोन दिवस ओकत होती, तिला सगळं पिवळं दिसायला लागलं. डॉक्टर आले तेव्हा नाडी इतकी सावकाश चालली होती की त्यांनी पुन्हा पुन्हा मनगट धरून पाहिलं. संध्याकाळच्या आत ती गेली. मागे सहा वर्षांची मुलगी.

यशोदा गेली आणि गल्ली भागाआजीकडे वळली. भागाआजी ही एकटी म्हातारी, गल्लीच्या तोंडाशी राहायची. पोरांना सर्दी-पडसं झालं, कुणाला दृष्ट लागली, की मातीच्या परळात निखारे घेऊन ती धुरी द्यायला जायची. यशोदाच्या घरीही ती दोनदा गेली होती. आता लोक म्हणायला लागले, हिच्याच धुरीनं झालं. हिनं काहीतरी टाकलं. तिचा परळ फोडला, भांडी रस्त्यावर फेकली. पंचांनी सांगितलं, चार दिवसांत घर सोड, नाहीतर आम्ही काय करू ते आम्हालाच ठाऊक नाही.

हे ऐकल्यावर सर ताडकन उठले. "धुरीत काय होतं हे बघता येतं. त्यात अंदाज कशाला?" त्यांनी काचा घेतल्या आणि मला बरोबर घेतलं.

गल्लीत लोक जमले होते. भागाआजी ओट्यावर बसली होती, फुटलेल्या परळाचे तुकडे ओट्यावरच पडलेले. सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, धुरीत काय काय घालता?"

"लिंबाचा पाला, ववा, कडू जिरं. गुग्गुळ भेटत नाई तं सालईचा डिंक. पन्नास वरसं हेच टाकून राह्यली मी. तुमाले पटत नसन तं नका पटू देऊ."

सरांनी परळाच्या तुकड्यांवरची काजळी खरवडली. दुसऱ्या दिवशी ते पट्टी घेऊन परत आले आणि सगळ्यांसमोर वही उघडून एकेक पट्टा दाखवला. हा लिंब. हा ओवा. हा सालई. "म्हातारीनं सांगितलं तेवढंच आहे. एक रेघही जास्त नाही."

लोक कुजबुजले. तेव्हा रामदास पुढे आला. त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. तो म्हणाला, "हे झालं आजीचं. मंग माझ्या घरात काय जळलं ते सांगा."

सर म्हणाले, "सांगतो." त्यांच्या आवाजात खात्री होती. मला ती खात्री अजून ऐकू येते.

रामदासच्या चुलीवरच्या भिंतीची काजळी त्यांनी काढली. प्रयोगशाळेत बरणीत पट्टी उभी केली आणि आम्ही दोघं बघत बसलो. तपकिरी रंग वर चढला, फुटला. मधोमध पिवळट पट्टा आला. त्यावर फिकट हिरवी रेघ.

"तोच," सर म्हणाले. "नवा धूर तोच. कशाचा आहे पण? सदूभाऊ, जरा तुकारामाच्या घरून सरपण घेऊन या. जे असेल ते."

मी गेलो. तुकारामाच्या बायकोनं चुलीमागून एक उरलेली फांदी काढून दिली. "शाळेतलीच हाय," ती म्हणाली. "एवढीच राह्यली."

मी ती फांदी आणली आणि सरांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली, मग साल नखानं ओरबाडली. मग ते खिडकीशी गेले. खिडकीतून तोडलेल्या कुंपणाचे बुंधे दिसत होते, रांगेनं, पांढरे. ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

शेवटी ते बाहेर गेले, बुंध्यांपाशी पडलेली एक वाळलेली फांदी शोधून आणली, आणि तिचा धूर काचेवर धरला. "खात्री करून घेतली पाहिजे," एवढंच म्हणाले. थेंब त्यांनी बरोबर टोकाशीच ठेवला. तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. वेगळं काही नव्हतं.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. मी म्हणालो, "सर, ह्या पट्ट्या तुमच्याशिवाय गावात कुणाला वाचता येत नाहीत. हे आपल्या दोघांनाच माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तिसरीलाही माहीत आहे," ते म्हणाले. "तिनं स्वतः काही केलं नाही हे त्या म्हातारीला माहीत आहे ना."

त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत, असं माईंनी मला नंतर सांगितलं. भिंतीला टेकून बसले होते. माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता जाणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, मागांची सुट्टी झाल्यावर, सर गल्लीत गेले. मी मागे होतो, माई माझ्याही मागे, डोक्यावर पदर घेऊन. पंच होते, बायका ओट्यांवर होत्या. सरांनी वही आणली नव्हती. उघडे हात घेऊन आले होते.

"तुमच्या घरात कण्हेर जळली," ते म्हणाले. "शाळेच्या कुंपणाची. ती तोडायला मी सांगितलं, वाटायलाही मीच सांगितलं. पानं विषारी म्हणून पुरली. लाकूडही विषारी असेल, त्याचा धूर कोंडलेल्या घरात भरेल, हा विचार मी केला नाही. भागाआजीचा ह्यात काही संबंध नाही. तुकारामाचा नाही. सदूभाऊंचा नाही. उरलेल्या काड्या असतील त्या आत्ता बाहेर आणा."

कुणी हललं नाही. मागांचा खडखडाट थांबलेला असल्यामुळे गल्ली इतकी शांत होती की कुणाचं तरी मूल आत खोकत होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. मग एका घरातून एक बाई आली आणि दोन काड्या सरांच्या पायाशी टाकून गेली. मग दुसरी.

रामदास हळू आवाजात बोलायला लागला. त्याला सरांना सांगायचं होतं की स्वतःलाच, कोण जाणे. "थंडी व्हती म्हनून दार लावून भरीत केलं तिनं. वांगी शिजली का नाई पाहाले काडी सोलून टोचे. तीच काडी तोंडात धरे, हातात दुसरं वांगं राहे तवा." मग त्यानं मान वर केली.

"सर, तुमाले तं बसल्या जागी समजते कोनाच्या घरात काय जळून राह्यलं. शाळा अशी भिंतीले भिंत. आठ-दहा दिवस जळलं ते. तुमाले वास नाई आला?"

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. नाही आला म्हणा. सर्दी झाली होती म्हणा.

"आला होता," सर म्हणाले. "रोज येत होता." त्यांनी रामदासकडे सरळ पाहिलं. "मला आवडला होता. नवीन होता म्हणून."

रामदास त्यांच्या अंगावर धावून जाईल असं सगळ्यांना वाटलं. दोघं जण त्याला धरायला पुढेही झाले. पण तो जागचा हलला नाही. त्यानं फक्त तोंड फिरवलं आणि तो घरात गेला. दार लावायचा आवाजही त्यानं केला नाही.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की धुरानं झालं, की काडीच्या रसानं, की दोन्हींनी, हे नक्की सांगता यायचं नाही. सरांना त्या फरकाचं काही नव्हतं. ती दोन्ही पोरं हळूहळू बरी झाली. भागाआजीला राहा असं पंच म्हणाले, पण ती राहिली नाही. इच्छापूरला बहिणीच्या मुलीकडे गेली. सर तिला भेटायला गेले होते. ती म्हणाली, "खरं सांगतलं ते बरं केलं, मास्तर. पन माझी भांडी फेकली तवा हेच लोक व्हते. त्याइच्या दारात कोनत्या तोंडानं धुरी घेऊन जाऊ?"

सरांनी वहीत त्या पट्टीखाली नाव घातलं. कण्हेर. त्याच्या खाली लिहिलं, यशोदा रामदास. त्यानंतर त्या वहीत एकही पट्टी चिकटवली गेली नाही.

मग त्यांनी सरकारला पत्र लिहिलं. काय घडलं, कुणाच्या हुकमानं घडलं, सगळं. माझी चौकशी करा, जी शिक्षा असेल ती द्या. मी ते टाइप केलं आणि नोंदवून पाठवलं. नागपूरच्या जुन्या कार्यालयातून उत्तर आलं की हा भाग आता आमच्याकडे नाही. पत्र जबलपूरला गेलं. तिथून भोपाळला गेल्याचं कळलं. भोपाळला तेव्हा टेबलं-खुर्च्याही धड आल्या नव्हत्या, असं लोक सांगत. सर रोज सकाळी टपाल आलं की माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे.

"आलं?"

"नाही सर."

महिने गेले. एकदा मी चिडून म्हणालो, "कुणी विचारत नाहीये तर तुम्ही का मागे लागलात?" त्यावर ते म्हणाले, "सदूभाऊ, वडील चटका द्यायचे ना, तो लगेच द्यायचे. चटका बसला की मी रडायचो आणि खेळायला जायचो." आणि आपल्या वर्गाकडे गेले.

उत्तर कधीच आलं नाही. एका माणसाचं मरण दोन राज्यांच्या फायलींमध्ये कुठेतरी पडून राहिलं. मराठी वर्ग मात्र राहिले. शाळेची पाटी आता रस्त्यावरून स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या वर्षी सरांनी हेडमास्तरकी सोडली आणि ते पुन्हा रसायन शिकवायला लागले. फळ्यावर लिहायचे, मुलांना प्रश्न विचारायचे. रस्त्यात कुणी भेटलं तर नुसते हात जोडायचे.

मीही मुंबई राज्य लिहून दिलं आणि भुसावळकडे बदली घेतली. का घेतली हे मी घरच्यांना नीट सांगू शकलो नाही. तो कागद माझ्या अक्षरातला होता आणि त्या गल्लीतून जाताना मला कुणी काही म्हणत नसे, एवढंच कारण होतं.

सात-आठ वर्षांनी बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरला एका लग्नाला आलो होतो. परतताना सकाळी लवकर शाळेकडे गेलो. थंडीचे दिवस होते, नुकतंच फटफटलं होतं. मागच्या गल्लीच्या तोंडाशी मला सर दिसले. केस पार पांढरे झालेले, अंगावर घोंगडी. ते एका दारासमोर उभे होते. आतल्या बाईनं सरपणाचा भारा उंबऱ्यावर आणून ठेवला. सरांनी वाकून एकेक काडी उचलली, मोडून पाहिली, साल बघितली, परत ठेवली. मग पुढच्या दारी गेले. तिथेही तसंच.

तुकाराम मला ओळखून जवळ आला. म्हातारा झाला होता. मी विचारलं, "हे काय?"

"दर हिवाळ्यात," तो म्हणाला. "चुली पेटायच्या आधी. त्या सालापासून एक दिस खाडा नाई. आधी लोक हसत, पोरं मागून चिडवत. आता कोनी काई म्हनत नाई. सर येतीन म्हनून बाया भारा काढूनच ठेवतात."

"आणि रामदास?"

"तो आत नाई घेत. पन भारा दाखवते. एक शबद बोलत नाई. धरते, हे पाहातात, चालले जातात. इतकी वरसं असंच."

सर रामदासच्या दाराशी पोचले होते. रामदास बाहेर आला. दोन्ही हातांवर लाकडं आडवी धरून तो उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यानं नजर दुसरीकडे ठेवली. त्याच्या मागे एक उंचशी मुलगी तांब्या घेऊन थांबली होती. यशोदाची असणार. सर वाकले. एकेक लाकूड त्यांनी पाहिलं. घाई केली नाही. शेवटचं पाहून झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि ते जायला वळले.

"बसा, सर," रामदास म्हणाला.

तुकारामानं माझा दंड धरला. त्यानं हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

सर थांबले. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग ओट्याकडे. क्षणभर वाटलं, बसतील.

"दोन घरं राहिलीत अजून," ते म्हणाले, आणि घोंगडी सावरत पुढच्या दाराकडे गेले. रामदास लाकडं तशीच हातांवर घेऊन उंबऱ्यात उभा होता.